शेजारच्या खुर्चीवर



शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहातले जेवण, लग्नातला खर्च, वर्षावासातले ग्रंथवाचन अशा विषयांवर या सदरात आपण बोलत असतो. यावेळी मात्र मी तुम्हाला एका महागड्या हॉटेलात घेऊन जाणार आहे. कारकुनाने असल्या हॉटेलाबद्दल लिहावे याचे काहींना हसू येईल, काहींना रागही येईल. तिथे बसलो असताना मला स्वतःला दोन्ही आले, म्हणून सविस्तर सांगतो.

माझा भाचा, साताऱ्याच्या आक्काचा मुलगा, पुण्याजवळ एका जपानी कंपनीत इंजिनिअर आहे. २०१९ साली कंपनीने त्याला सहा महिने ओसाकाला पाठवले होते. परवा त्याला बढती मिळाली आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या कामाने मी पुण्यात होतो. त्याचा फोन आला, "मामा, संध्याकाळी कुठे जाऊ नका. माझ्या फॉर्मांवर सह्या घेत तुम्ही जन्मभर हिंडलात, आज जेवण माझ्याकडून." मला वाटले, एखाद्या खानावळीत मटणाचे ताट असेल. मी दुपारचा डबाही अर्धाच खाल्ला.

त्याने नेले ते ठिकाण बाहेरून हॉटेल वाटतच नव्हते. लहानसे दार, आत मंद दिवे, टेबले जवळजवळ नाहीत. एक लांब, गुळगुळीत लाकडी फळी आणि तिच्या अलीकडे ओळीने दहा उंच खुर्च्या. फळीच्या पलीकडे, आपल्या हाताच्या अंतरावर, लांबट अरुंद शेगडी आणि तिच्यामागे स्वयंपाकी. म्हणजे आपण खाणारे एका रांगेत आणि करणारा आपल्यासमोर. आपल्याकडे स्वयंपाकी पडद्याआड असतो. इथे त्याचा हात, त्याचा घाम, त्याचा पंखा सगळे समोर. बसताच गरम ओला रुमाल हात पुसायला दिला. मी तो तोंडावर फिरवला. भाचा हसला, पण काही बोलला नाही.

या प्रकाराला याकितोरी म्हणतात. 'याकी' म्हणजे भाजलेले, 'तोरी' म्हणजे पाखरू, आणि व्यवहारात कोंबडी. बांबूच्या बारीक काडीवर कोंबडीचे चार-पाच तुकडे ओवायचे, निखाऱ्यावर भाजायचे आणि काडी तशीच हातात द्यायची. एका वेळी एकच काडी. ती संपली की दुसरी. रिकामी काडी समोरच्या बांबूच्या नळकांड्यात टाकायची. तुकडे बशीत काढून घेणे तिथल्या जाणत्यांना आवडत नाही, काडीवरूनच खावे म्हणतात. माझी त्यामुळे चॉपस्टिकच्या संकटातून सुटका झाली.

मसाला म्हणाल तर जवळजवळ काही नाही. एक तर नुसते मीठ, नाहीतर 'तारे' नावाचा काळपट गोडसर रस. सोया सॉस, साखर आणि तांदळाची दारू आटवून तो करतात, भाजता भाजता काडी त्यात बुडवतात आणि पुन्हा विस्तवावर धरतात. जुन्या दुकानांत या रसाचे भांडे कधी रिकामे करत नाहीत, रोज त्यातच भर घालत जातात. दारू ऐकून मी पाचव्या शीलाची आठवण करून दिली. भाचा म्हणाला, "ती आटून जाते मामा." तरी मी मिठाचीच काडी मागितली आणि प्यायला भाजलेल्या जवाचा थंड चहा घेतला. आजूबाजूला सगळे काय पीत होते ते सांगायला नको.

कोळशाबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे. जपानच्या वाकायामा भागात ओकच्या जातीच्या कठीण लाकडाचा कोळसा करतात, त्याला बिंचोतान म्हणतात. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर पितळेसारखा खण्ण आवाज येतो. धूर फार कमी, आच दीर्घकाळ. स्वयंपाकी पोरगा नेपाळचा. त्याने कौतुकाने आवाज काढून दाखवला. माझ्या डोळ्यांपुढे आमची बाभळीच्या कोळशाची शेगडी आली. तिच्या धुराने आईचे डोळे कायम लाल असायचे.

पहिली काडी मांडीच्या मांसाची, मध्ये पातीच्या कांद्याचे तुकडे. छान होती. दुसरी काळजाची. तिसरी आली आणि मी ती हातात धरून बघतच राहिलो. कोंबडीचे कातडे. घडी घालून ओवलेले, चरबी ठिबकून कुरकुरीत झालेले. नंतर पोट्याची काडी आली, त्यानंतर हृदयाची, मग छातीच्या टोकाला असते त्या कुरकुरीत हाडाची, आणि शेवटी शेपटाकडच्या चरबीच्या गोळ्याची. भाचा प्रत्येकाचे जपानी नाव सांगत होता. मी मनात मराठी नाव घेत होतो, कारण यातले एकही मला नवे नव्हते.

मी हळूच दरपत्रक पाहिले. कातड्याच्या एका काडीला साडेचारशे रुपये. बी.कॉम.ला शिकलेले सगळे हिशेब मी त्या क्षणी केले. एका काडीवर असेल तीन-चार तोळे माल. आमच्या लहानपणी रविवारच्या बाजारात दुपार कलली की आजी आम्हाला कोंबडीवाल्याकडे पाठवायची. त्याच्या पाटाखाली डबा असायचा. त्यात कातडी, पाय, मुंड्या, पोटी. त्याला ते फेकायलाच न्यायचे असायचे. कधी रुपया-दोन रुपये घ्यायचा, कधी फुकट द्यायचा. पाय विस्तवावर धरून आजी त्यांची वरची साल सोलायची आणि कातडे तव्यावर टाकले की तेल वेगळे घालावे लागायचे नाही, उलट त्यातून सुटलेल्या तेलात दुसऱ्या दिवशीचे कालवण व्हायचे. शेजारची पोरे वासाने जमायची. पण शाळेत त्याचे नाव काढायचे नाही, हे आम्हाला कुणी न सांगता कळलेले होते.

जपानमध्येसुद्धा हे काही साहेबी खाणे नव्हते. कोंबडी तिथे एकेकाळी महाग होती. बड्या खानावळीत मांस शिजायचे आणि उरलेले हाडाजवळचे, आतड्या-काळजाचे तुकडे रस्त्याकडेच्या गाड्यांवर काडीला लावून भाजले जायचे. ते खाणारे म्हणजे हमाल, रिक्षा ओढणारे, कामगार. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत काळ्या बाजारांच्या आसपास अशा गाड्यांची रांग लागली. १९६० नंतर ब्रॉयलर कोंबडी आली आणि याकितोरी घरोघरच्या पगारदारांचे संध्याकाळचे खाणे झाले. आणि आता टोकियोतल्या गिंझा या श्रीमंत भागात 'बर्डलँड' नावाचे याकितोरीचे दुकान तळघरात आहे, त्याला फ्रान्सच्या मिशेलिन पुस्तकाचा तारा मिळालेला आहे. गाडीवरून ताऱ्यापर्यंतचा हा प्रवास शंभरेक वर्षांतला.

पण याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या वाचकांनी जाणून घेतली पाहिजे. जपान बौद्ध देश. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने फर्मान काढले, की वर्षातल्या ठराविक महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाऊ नये. बौद्ध अहिंसेच्या नावाने असे हुकूम पुढेही निघत राहिले. हुकूम निघाला तरी गुरे मरायची थांबत नाहीत. मेलेले जनावर ओढणे, कातडे कमावणे, ढोल मढवणे ही कामे कुणीतरी करायलाच हवी होती. ती ज्यांच्या माथी आली त्यांना 'एता' म्हटले गेले. ज्या चिन्हांनी हा शब्द लिहीत त्यांचा अर्थच 'विटाळाने भरलेला'. वेगळी वस्ती, वेगळे काम, लग्ने आपसांत. आपल्याला यातले काही नवे वाटते का? मला तर पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्याच गावाची कथा कुणीतरी जपानीत लिहून ठेवली आहे असे वाटले होते.

इथे धम्मबांधवांनी गल्लत करू नये. विटाळ बुद्धाने शिकवलेला नाही. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंका नाही, असे मांस भिक्खूला चालते असे त्यांनी जीवकाला सांगितल्याचे त्रिपिटकात आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही गरजेपोटी मारणे आणि मारण्याची हौस असणे यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. तत्त्वाचा नियम झाला आणि नियम राजाच्या हाती गेला की त्याची शिक्षा कुणाला भोगावी लागते, हे जपानच्या त्या वस्त्यांनी भोगले आहे. बौद्ध देश म्हटला म्हणून आपण डोळे मिटून घ्यायचे कारण नाही.

सरकारने १८७१ मध्ये हा भेद कायद्याने रद्द केला. त्यानंतर वर्षाच्या आतच, १८७२ च्या जानेवारीत, सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. म्हणजे ज्या मांसापायी लोक बाटले होते, ते राजवाड्यात गेले आणि सभ्य झाले. बाटलेले मात्र बाटलेलेच राहिले. मग ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्यांनी स्वतःची संघटना उभी केली, सुइहेइशा, म्हणजे समतल करणाऱ्यांचा संघ. त्यांचा झेंडा काळा, त्यावर लाल रंगात काट्यांचा मुकुट. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ सालचा. त्यांचे एक मोठे पुढारी मात्सुमोतो जिइचिरो हे १९४७ मध्ये वरिष्ठ सभागृहाचे उपसभापती झाले. सम्राटासमोरून जाताना पाठ न दाखवता खेकड्यासारखे बाजूबाजूने सरकत जायचा रिवाज होता. १९४८ मध्ये या गृहस्थाने तसे चालायला चक्क नकार दिला. मला हा माणूस फार आवडतो.

आणि १९७५ ची गोष्ट तर आपल्या नोकरदार तरुणांनी लक्षात ठेवावी. त्या साली उघडकीला आले, की या वस्त्यांच्या ठिकाणांची यादी छापून गुपचूप विकली जात होती आणि नामांकित कंपन्या ती विकत घेत होत्या. उमेदवाराचा पत्ता यादीत आहे का ते बघायचे आणि मग नोकरी द्यायची की नाही ते ठरवायचे. तिथे चेहरा सारखा, भाषा सारखी, नावावरूनही सहसा कळत नाही, म्हणून पत्त्याची यादी लागली. सांगली-सातारकडे यादी लागत नाही. आडनाव सांगितले की समोरच्याचे काम होते.

भाचा ओसाकात होता तेव्हा तिथल्या नानिवा भागात मानवी हक्कांचे एक संग्रहालय होते. १९८५ मध्ये सुरू झालेले ते संग्रहालय २०२० मध्ये बंद पडले. नानिवा हीच चामड्याची आणि ढोलांची जुनी वस्ती. तो तिथे एकटाच गेला, कारण कंपनीतल्या जपानी मित्राला विचारल्यावर त्याने आवाज खाली करून विषय बदलला होता. त्या वस्त्यांच्या खाण्याबद्दल भाच्याला तिथेच कळले. बैलाच्या आतड्याचे तुकडे चरबीत तळून कडक करतात आणि शेवयांच्या गरम पाण्यात टाकून खातात. घोड्याचे मांस सुकवून, धुरी देऊन ठेवतात, त्याला साइबोशी म्हणतात. मी म्हणालो, "म्हणजे आपल्या चान्या!" तो म्हणाला, "तेच तर." आतडी-कोथळ्याला तिथे 'होरुमोन' म्हणतात. ओसाकाच्या बोलीतल्या 'फेकून द्यायची वस्तू' या शब्दांवरून ते नाव आले असे पुष्कळ लोक सांगतात, अभ्यासक ते मानत नाहीत. व्युत्पत्ती खोटी असेल, पण ती लोकांना खरी का वाटली, हे आपल्याला समजायला अवघड नाही.

आता मुद्द्याची गोष्ट.

आमच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, बरोबर त्यांचा मित्र. आमचे बोलणे ऐकून ते मोकळेपणाने म्हणाले, "पावनं, आमच्याच भागातले दिसताय." ते कोरेगावकडचे निघाले. मग पाऊस, ऊस, सातारा-सांगली रस्त्याची कामे अशा गप्पा झाल्या. माणूस दिलदार वाटला. आपल्या बशीतले लोणचे त्यांनी आग्रहाने आमच्यापुढे सरकवले. इतक्यात त्यांच्यापुढे कातड्याची काडी आली. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बघा काय दिवस आलेत. हे असलं आमच्यात कुणी हातात बी धरायचं नाही. वस्तीवरची लोकं मागून न्यायची. आता साडेचारशे रुपये देऊन आपण खातोय!"

माझ्या तोंडात त्या वेळी तेच कातडे होते.

वाचकहो, गेली वीस वर्षे मी चळवळीत आहे. १४ एप्रिलला भाषणे केली आहेत, मोर्चात घोषणा दिल्या आहेत, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलदाराशी भांडलो आहे. आणि त्या खुर्चीवर मी घास गिळला, जवाचा चहा प्यायलो आणि गप्प बसलो. इतकेच नव्हे, चेहऱ्यावर मी थोडे हसूही आणले. भीती कशाची होती? तो मला उठवणार नव्हता. हॉटेलवाला मला हाकलणार नव्हता. पैसे आमचे होते. तरी आतून कुणीतरी म्हणाले, कशाला, चांगल्या गप्पा चालल्या आहेत.

भाच्याने काडी नळकांड्यात टाकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काका, ती वस्तीवरची लोकं म्हणजे आम्हीच."

गृहस्थांचा चेहरा पडला. "तसं नव्हं," ते म्हणाले, "मी आपलं जुनं सांगितलं. आता काय राहिलंय तसलं?" भाचा म्हणाला, "हो ना, म्हणून तर शेजारी बसलोय." त्याच्या बोलण्यात चीड नव्हती. उलट त्याने त्यांना पुढची कुठली काडी चांगली असते तेही सांगितले. गृहस्थांनी मान हलवली, मग ते मित्राकडे वळून बोलू लागले. पंधरा-वीस मिनिटांनी ते उठले, "येतो" म्हणाले आणि गेले. कातड्याची ती काडी त्यांच्या बशीत तशीच होती. ती त्यांनी लाजून ठेवली, रागाने ठेवली, की पोट भरले म्हणून, ते मला सांगता येणार नाही. मी त्यावर बराच विचार केला आहे.

ते कोरेगावचे नसते तर कदाचित मला एवढे लागले नसते. १९०१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेबांचे वडील कोरेगावला रोखपाल होते. दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचा नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कुणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही पोरांनी गाडी हाकायची आणि आपण बरोबर पायी चालायचे या बोलीवर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने १९९० मध्ये छापले. त्यातला एक तपशील मला लहानपणापासून छळत आला आहे. पोरांजवळ जेवण भरपूर होते. पाणी नव्हते. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही, आणि पोरे डबा तसाच ठेवून उपाशी झोपली. अन्न जवळ असून जेवता येत नाही, कारण शेजारच्या माणसाला पाणी द्यायचे नाही.

आणि कोल्हापूरची दुसरी गोष्ट. संस्थानच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढून दिले, भाऊसिंगजी रस्त्यावर, 'सत्यसुधारक हॉटेल'. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे जाऊन चहा पीत आणि बरोबरच्या मोठ्या मोठ्या मंडळींना पाजत. आपण याला महाराजांचा मोठेपणा म्हणतो आणि तो होताच. पण फळीच्या पलीकडे उभे राहून त्या बड्या मंडळींच्या हातात कप देणाऱ्या गंगारामांच्या छातीची धडधड कुणी लिहून ठेवलेली नाही. त्या संध्याकाळी मला महाराजांपेक्षा त्यांचीच आठवण जास्त झाली.

बिल आले. भाच्याने ते मला दिसू नये म्हणून हाताखाली धरले, पण कारकुनाची नजर. माझ्या घरचा महिन्याचा किराणा त्यात आला असता. परतताना मी त्याला म्हणालो, एवढ्या पैशात एका मुलाची वर्षाची पुस्तके आली असती. तो म्हणाला, "मामा, पुस्तकांचे मी वेगळे देतो, ते तुम्हाला माहीत आहे. पण आपली माणसे चांगल्या ठिकाणी बसली की तुम्हाला लगेच पुस्तकेच का आठवतात?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही. पैसा उडवणे मला पटत नाही, आणि त्याचा प्रश्नही खोटा नाही.

त्याच रात्री आक्काला फोन लावला. मला वाटले होते, लेकाने कसे सडेतोड उत्तर दिले हे ऐकून ती खूश होईल. मी सगळे रंगवून सांगितले. शेवटी थोडे भाषणही केले, की आपले अन्न जगात कसे मानाला चढले आहे, आपल्याला त्याचा अभिमान पाहिजे, वगैरे. हल्ली यावर चांगले लिखाण झाले आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केले, शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ चे आणि २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेले. हे सगळे मी तिला सांगितले.

आक्का शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुला ते आवडीचं वाटतं, कारण तू धाकटा. तुझ्या ताटात शिजवलेलं यायचं. तो डबा आणायला मी जायची. पाटाखाली वाकून हातानं उपसायचं, वर माशा. वर्गातली पोरगी तिथंच आईबरोबर कोंबडी घ्यायला उभी. मला बघून तिनं तोंड फिरवलं. मी ते कातडं आवडीनं कधी खाल्लं नाही, दुसरं नव्हतं म्हणून खाल्लं. तुझ्या जपान्यानं त्याला चांदीच्या बशीत घातलं तरी मला तो डबाच दिसणार."

मग ती थोड्या वेळाने म्हणाली, "बाबासाहेबांनी मेलेल्याचं मांस सोडा म्हणून सांगितलं ते चवीसाठी नव्हे." खरे आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन झाले आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी गावोगाव ते सोडले, गावकीचा बहिष्कार सोसून सोडले. ज्यांनी सोडले त्यांना भूक नव्हती असे नाही. सोडण्यातला मान त्यांनी जवळ केला. आता त्याच खाण्यात मी मान शोधू लागलो, तर आक्काला ते चटकन कसे पटावे? मी अभिमानाची गोष्ट करत होतो आणि ती डब्याची. दोघांचे बालपण एकाच घरातले, पण पाटाखाली वाकले होते तिचे डोके. अन्नावर लिहिणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, आधी घरातल्या बायकांना विचारायला हवे.

पुढच्या रविवारी भाचा सांगलीला आला आणि येताना आक्काला घेऊन आला. आमच्या मुलांना त्या काड्यांचे भारी कुतूहल. म्हणून गच्चीवर घाट घातला. कुटुंबाच्या पानावर कृती मागणाऱ्या भगिनींसाठी थोडक्यात सांगतो. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवल्या, म्हणजे जळत नाहीत. कोंबडीच्या मांडीचे सुपारीएवढे तुकडे आणि पातीच्या कांद्याचे बोटभर तुकडे आळीपाळीने ओवले. सोया सॉस वाटीभर, त्यात निम्मा गूळ, आल्याचा तुकडा, थोडे पाणी, हे मधासारखे दाट होईपर्यंत उकळले. दारूच्या जागी गूळ असल्याने शील शाबूत. लोखंडी घमेल्यात बाभळीचा कोळसा, घमेल्याच्या काठावर दोन विटा, विटांवर काड्या अशा टेकवायच्या की मांस निखाऱ्यावर आणि काडीचे टोक बाहेर. जाळी नको, तुकडे चिकटतात. आधी नुसत्या भाजाव्यात, पाणी आटले की रसात बुडवाव्यात आणि पुन्हा धराव्यात, असे दोन-तीनदा. रस आधीच लावला तर गूळ करपतो आणि आत कच्चे राहते. आमच्या पहिल्या सहा काड्या अशाच वाया गेल्या. वारा घालायला मी जुन्या फायलीचा पुठ्ठा घेतला होता. धूर मात्र झाला. बिंचोतान नाही तर नाही.

कातड्याच्या काड्या भाच्याने वेगळ्या ओवून आणल्या होत्या. आईला विचारून आणल्या होत्या की न विचारता, ते मी विचारले नाही. मीठ लावून त्या शेवटी भाजल्या. वास सुटला तशी खालच्या मजल्यावरची दोन पोरे जिना चढून आली. त्यांची आई मागून हाका मारत होती, पण ती काही खाली गेली नाहीत.

आक्का कठड्याशी खुर्ची टाकून बसली होती. मांडीच्या तिने तीन काड्या खाल्ल्या, चौथीला हात आडवा केला. माझ्या धाकटीने कातड्याची काडी तिच्यापुढे धरली. "आत्या, हे बघ, एकदम कुरकुरीत." आक्काने काडी हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि खालच्या मजल्यावरच्या थोरल्या पोराच्या हातात दिली. पोराने ती तिथेच उभ्या उभ्या संपवली आणि अजून आहे का म्हणून विचारले. आक्का म्हणाली, "हाय की. बस खाली, मांडी घालून बस." मग तिने त्याला पाण्याचा तांब्या दिला.